मोठा फ्युएल पंप टाकला की पिकअप वाढतो? नाही वाढत

जुनी गाडी बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय: "पंधरा-वीस वर्षं जुन्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ताशी २५५ लिटरचा पंप टाका. पिकअप सुधारतो, ॲव्हरेज वाढतं, आणि टाकीतला पंप काढून नवा बसवला की झालं, दुसऱ्या कशाला हात लावावा लागत नाही." मी हे करून बसलोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पिकअप. पंप इंजिनात पेट्रोल ढकलत नाही, तो फक्त रेलपर्यंत, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीपर्यंत, पोचवतो. रेलमधला दाब, अशा बहुतेक गाड्यांत ३ बारच्या आसपास, रेग्युलेटर सांभाळतो. आत किती पेट्रोल जायचं ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा यावरून. रिटर्न लाइन असलेल्या गाडीत उरलेलं त्या लाइनने टाकीत परत. आता हिशोब करा. हायवेवर शंभरच्या वेगात १४ चं ॲव्हरेज धरलं तर तासाला लागतात ७ लिटर. १०० बीएचपीचं इंजिन पूर्ण रेस देऊन पळवलं तरी गरज ताशी ३० लिटरच्या घरात. कंपनीचा चांगल्या स्थितीतला पंप याच्या दुपटीहून जास्त देतोच. २५५ वाला बसवलात तर वरचे सव्वादोनशे लिटर दर तासाला इंजिनापर्यंत जाऊन, तापून, टाकीत परत येणार. टर्बो बसवलाय, इंजेक्टर मोठे केलेत, तर मोठा पंप हवाच. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसंच असलेल्या, इंजिनाला त्याचं काही काम नाही.

ॲव्हरेजचा दावा तर उलटाच आहे. मूळ रिटर्न पाइप एवढ्या पेट्रोलसाठी बनवलेला नसतो. ते परत जायला अडलं की रेलचा दाब चढतो, आयडलला मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, स्पार्क प्लग काळे पडतात.

"पण पंप बदलल्यावर माझ्या गाडीत फरक पडला," असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. फरक पडतो, कारण जुना पंप झिजलेला असतो किंवा त्याची जाळी गाळाने बुजलेली असते. तिथे मूळ क्षमतेचा नवा पंप आणि नवी जाळी टाकली असती तरी तेवढाच फरक पडला असता.

माझ्या २००२ च्या गाडीत तर पंपाचा दोषच नव्हता. घाट चढताना ती गुदमरायची. मी सल्ला ऐकून मोठा पंप टाकला, चार दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. शेवटी मागची सीट उचलून पंपाच्या वायरीच्या प्लगवर मल्टीमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, प्लगवर १०.९! अर्थिंगचा स्क्रू हिरवा पडला होता आणि प्लगचं प्लॅस्टिक एका पिनभोवती तपकिरी होऊन वितळायला लागलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं होतं. व्होल्टेज पडलं की पंपाचा वेग पडतो, नेमका इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं तेव्हा दाब कमी पडतो. अर्थिंग घासून साफ केलं, बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून जाड वायर ओढली, जुनाच पंप परत बसवला. प्लगवर १३.४ आले. गाडी आजही त्याच पंपावर घाट चढते.

म्हणूनच "दुसऱ्या कशाला हात लावावा लागत नाही" हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. मोठा पंप जवळजवळ दुप्पट करंट ओढू शकतो. वीस वर्षं जुनी बारीक वायर आणि सैल पिन तो भार घेताना तापतात, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर चालू असतं. त्यामुळे पंपाची ऑर्डर द्यायच्या आधी दोन गोष्टी मोजा: गाडी लोडवर असताना पंपाच्या प्लगवरचं व्होल्टेज आणि रेलवरचा दाब. व्होल्टेज नीट असूनही दाब पडत असेल तर जाळी, फिल्टर आणि रेग्युलेटर बघा, मग पंपाकडे वळा.

टाकी उघडलीच तर आतल्या पाइपाच्या तुकड्याकडेही बघा. बॉनेटखाली वापरतात तो साधा फ्युएल पाइप आत चालत नाही. तो आतून पेट्रोल वाहण्यासाठी असतो, बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नाही. दुकानात टाकीच्या आत बुडणारा, जे३०आर१० छापलेला पाइप मागा. माझ्या मोठ्या पंपाला साधा लावला होता. पंप परत बाहेर काढला तेव्हा तो तुकडा फुगून लिबलिबीत झाला होता आणि क्लिपच्या कडेला चिरत चालला होता.