उतार दिलाय, साहेब

आमच्या बाथरूममध्ये पाणी तुंबतं. फेब्रुवारीत नव्या टाइल्स बसवल्या तेव्हापासून. जाळी एका कोपऱ्यात, पाणी दुसऱ्या. मिस्त्रीला बोलावलं तर त्यानं लेव्हलबिवल काही लावली नाही. एक डोळा मिटून फरशीकडे पाहिलं आणि म्हणाला, "उतार दिलाय, साहेब. डोळ्याला दिसत नाही."

हे आधी सांगितलं, कारण मे महिन्यात आम्ही रोम ते अथेन्स अशी क्रूझ केली आणि अख्खा भूमध्य समुद्र मी खाली मान घालून पाहिला. लोक घुमट बघत होते, मी फरशी.

त्यात नम्रता नव्हती, गुडघे होते. आम्ही तिघं. मी, ही आणि हिची थोरली बहीण, ताई. ताई 68 वर्षांच्या, दोन्ही गुडघे बदललेले. त्या गेल्या की विमानतळावरची कमान वाजते. माझे गुडघे ओरिजनल, म्हणजे 62 वर्षं वापरलेले. निघताना मीच दोघींना धीर दिला होता, की सिंहगड चढणाऱ्याला युरोप म्हणजे अंगण. (सिंहगड मी शेवटचा चढलो 2011 साली. हल्ली गाडीनं जातो, पिठलं-भाकरीपुरता.)

रोमनं पहिल्याच दिवशी हिशेब चुकता केला. तिथल्या जुन्या रस्त्यांवर काळ्या बेसॉल्टचे मुठीएवढे चौकोनी दगड ठोकून बसवलेत. सांपिएत्रिनी म्हणतात त्यांना. दिसायला देखणे, पण एकही शेजाऱ्याच्या पातळीला नाही. अगदी सोसायटीच्या मीटिंगसारखे. पुढे बारा नंबरची पाटी उंचावून गाईड, कानात तिचा आवाज. मी मागे पडलो की तो आवाज खरखरायचा आणि मधेच कुठल्या तरी फ्रेंच बाईचा लागायचा. व्हॅटिकनपर्यंतचा इतिहास मी निम्मा फ्रेंचमध्ये ऐकला.

पँथिऑनमध्ये मात्र मी खिळलो. 1900 वर्षांपूर्वीचा घुमट, त्याच्या टोकाला जवळजवळ नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस सरळ आत. सगळे माना वर करून "आहा" करत असताना गाईड म्हणाली, खालची फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि पाणी जायला तिच्यात 22 भोकं आहेत. मी ती शोधून मोजायला लागलो. छताला एवढं भगदाड ठेवून यांचं पाणी तुंबत नाही आणि आमच्या बाथरूमला वर पक्का स्लॅब आहे!

"अहो, वर बघा की," ही म्हणाली.

"वर काय, आभाळच आहे."

नेपल्सहून पॉम्पेईला नेलं. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसनं गाडलेलं शहर. तिथं रस्त्यातून पाणी आणि घाण वाहायची, म्हणून ओलांडायला मध्ये मोठाले उंच दगड ठेवलेत आणि गाड्यांची चाकं जायला त्यांच्यामध्ये फटी. चाकोऱ्या अजून दगडात कोरल्यासारख्या दिसतात. ताई एका दगडावरून दुसऱ्यावर टुणटुण गेल्या. मी मधल्या दगडावर अडकलो, आणि पलीकडून आलेल्या एका जर्मन आजोबांनी हात दिला. तेही बहुधा ओरिजनलवालेच. माल्टात व्हॅलेटाला बंदरापासून वर जायला 58 मीटरची लिफ्ट आहे. माल्टाचं बाकी काही आठवत नाही, पण लिफ्ट फार छान होती.

मग सांटोरिनी. तिथं मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती खाली पाण्यात उभी राहते, छोट्या होडीतून किनाऱ्यावर सोडतात आणि समोर उभा कडा. गाव कड्याच्या माथ्यावर. वर गेलो रोपवेनं. परतताना रोपवेची रांग गल्लीभर. शेवटची होडी साडेचारला. माझ्यातला सिंहगड जागा झाला. म्हटलं, "तुम्ही या पाळण्यातून, मी उतरतो. पायऱ्याच तर आहेत."

पायऱ्या सहाशेच्या आसपास आहेत. पण त्यांना पायरी म्हणावं की उतार, हे बांधणाऱ्यानं ठरवलेलं नाही. रुंद, तिरक्या, झिजून गुळगुळीत झालेल्या, वर खेचरांच्या लिदीचा ताजा थर. दुसऱ्याच वळणावर घंटा वाजल्या आणि खालून दहा-बारा खेचरं वर आली, बरोबर माणूस नाही. रोजची वाट असल्यासारखी, कपाळावर आठ्या घालून. मी भिंतीला पाठ लावली. शेवटचं खेचर माझ्यासमोर थांबलं. त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. कीव करून पुढे गेलं. खाली पोचलो तेव्हा मांड्या लटलटत होत्या, बुटांचा मूळ रंग ओळखू येत नव्हता आणि दोघी आइस्क्रीम संपवून कागद चाटत होत्या. होडीतला खलाशी नाकाला हात लावून मला टोकाच्या बाकाकडे दाखवत राहिला.

शेवटी अथेन्स. अॅक्रोपोलिसच्या संगमरवरावर माणसं चालून चालून त्याची काच झालीय. तिथल्या पार्थेनॉन या जुन्या देवळापाशी गाईडनं सगळं सांगितलं. इसवी सनापूर्वी 447 ते 432 या काळातलं बांधकाम, 1687 साली तुर्कांनी आत ठेवलेल्या बंदुकीच्या दारूवर व्हेनिसचा तोफगोळा पडला ते. मग म्हणाली, "या इमारतीचा चौथरा सपाट नाही. लांब बाजूला मध्यावर सुमारे 11 सेंटीमीटर उंच आहे. का, याबद्दल बरीच मतं आहेत. एक मत पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. पण डोळ्याला दिसत नाही."

मी दचकलोच.

नेमकी तेव्हाच बुटाची नाडी सुटली होती. कोपऱ्यावर वाकलो आणि कंबर लचकली. ना वर, ना खाली. हनुवटी पायरीच्या रेषेत. आणि त्या अवस्थेत, पायरीच्या कडेवरून नजर लांबवर गेली तर काय! मध्यभागी फुगवटा. स्वच्छ. पलीकडच्या टोकाला उभ्या माणसाचे बूट त्याच्याआड गेलेले.

"अहो, काय झालं?"

"उतार दिसला."

ताईंनी आधी फोटो काढला, मग मला सरळ केलं. रात्री बोटीच्या महागड्या वायफायवरून तो फोटो मिस्त्रीला पाठवला. खाली लिहिलं, 'उतार असा असतो.'

सकाळी उत्तर आलं होतं. 'साहेब जॉइंट उघडलेत. ग्राउट मारून घ्या.'