सर, ‘प’च्या जागी ‘ह’ का उमटला?

नमस्कार सर,

विंडोज १० सोडून लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमवर जा, असं मी एका लेखात लिहिलं. ते वाचून तुम्ही वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर मिंट टाकलंत, आणि आता ‘प’ दाबला की ‘ह’ उमटतो, जुनी पत्रं उघडली की अगम्य अक्षरं दिसतात. ‘तुम्हाला येतं म्हणून सगळ्यांना सोपं वाटतं,’ हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, ही सूचना मी लेखाच्या शेवटी उरकली. ती पहिल्या ओळीत हवी होती. चूक माझी.

आधी टायपिंग. तुमचा हात इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीवर (लेआउटवर), बसलेला आहे. त्यात इंग्रजी ‘एच’च्या कळीवर ‘प’ असतो. तिथे ‘ह’ येतोय, म्हणजे फोनेटिक, इंग्रजी उच्चाराप्रमाणे मराठी अक्षर देणारा, लेआउट लागलाय. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीतून मराठीचा ‘एनहान्स्ड इनस्क्रिप्ट’ घ्या आणि फोनेटिक काढून टाका. मग ‘दुसऱ्या’ लिहून बघा: ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग तिरकी रेघ, मग काना. बोटांना नवीन काहीच शिकावं लागणार नाही.

पत्रांचं दुखणं वेगळं आहे. ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. फाईलमध्ये असतात रोमन अक्षरांचे क्रमांक, मराठी वळण देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की मोबाईलवरही तीच अक्षरं दिसतील. ही पत्रं हळूहळू युनिकोडमध्ये आणायलाच हवीत, सिस्टीम कुठलीही ठेवा. मात्र ज्यांचं रोजचं काम श्रीलिपी, पेजमेकर किंवा टॅली अशा विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये असेल, त्यांनी मिंटच्या वाटेला जाऊ नये. हेही मी लिहायला हवं होतं.

मिंटच का, उबुंटू ही दुसरी लिनक्स सिस्टीम का नाही, असं तुम्ही विचारलंत. उबुंटूही चांगलंच आहे, पण त्याची मांडणी विंडोजपेक्षा वेगळी. मिंटमध्ये मेनू खाली डावीकडेच सापडतो, आणि वाचनालयात बसणाऱ्या ताईंना तेवढा ओळखीचा कोपरा हवा. फेडोरा या आणखी एका लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिने अपडेट मिळतात, मिंट २२ मात्र २०२९ पर्यंत. गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स हलकं आहे, पण त्याचा सगळा भर इंटरनेटवर, आणि तुमच्याकडे तेच वारंवार जातं.

नवा कॉम्प्युटर घ्यावा का? तुमचं मशिन चौथ्या पिढीच्या इंटेलचं. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणून तुमचं मशिन नाकारलं गेलं. मशिन बिघडलेलं नाही. चालतं यंत्र भंगारात घालून वर्गणीदारांचा पैसा खर्च करावा, हे मला पटत नाही. पैसा पुस्तकांवर जावा.

मिंटच्या शेजारी विंडोजही ठेवलंत हे बरं केलंत, ते आत्ता पुसू नका. फक्त १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आहे, म्हणून बँकेचं काम तिथून करू नका. आणि रॅम ४ जीबीच आहे, तेव्हा मिंटची सिनॅमन आवृत्ती काढून त्याचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. या वेळी मात्र आधी पेनड्राइव्हवरून चालवा, प्रिंटर जोडा आणि वर्गणीची एक पावती छापून बघा. पावती निघाली नाही तर प्रिंटरचं मॉडेल इथेच कळवा.