जरा दमानं!

बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची धावपळ आवरणारी गोळी, सुरू झाला की पहिली तक्रार येते पांघरुणाखालून. ऐन मे महिन्यात आमचा पाय कुणाला लागला तरी ते माणूस किंचाळतं. गोळीमुळे हातापायांकडे रक्त बेतानेच पोचतं, त्याला आपण काय करणार! मोजे घालावेत आणि गप्प झोपावं.

अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक म्हणजे शरीरातला उतावळा पाहुणा. येतो आणि हृदयाला पळवत सुटतो. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर मंडळी त्याला दारातच बसवून ठेवतात. म्हणून नाडी ५५-६० वर रेंगाळते. जिन्यावर पाय पुढे जातात, हृदय म्हणतं, ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.’ मनगटावरचं घड्याळ तर घाम गाळूनही व्यायाम झाल्याचं मान्य करत नाही. त्याच्या आकड्यांमागे धावू नये. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, इतका वेग पुष्कळ. नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, तर मात्र थेट डॉक्टरांना फोन. दारावरची बेल वाजली म्हणून ताडकन उठायचं नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कूस, मग बसणं, मग उभं राहणं. कुरिअरवाला थांबतो.

प्रोप्रानोलॉल आणि मेटोप्रोलॉल चरबीत विरघळतात, त्यामुळे मेंदूत सहज शिरतात आणि रात्री स्वप्नात दहावीचा गणिताचा पेपर रंगीत दिसतो. अ‍ॅटेनोलॉल पाण्यात विरघळणारं, ते सहसा या भानगडीत पडत नाही. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. पण आपण स्वप्नं सांगतो जावयाला.

मधुमेह असेल तर थट्टा पुरे. साखर उतरल्यावरची धडधड आणि हातांचा कंप ही त्या पाहुण्याचीच कामं, ती दबतात. घाम मात्र फुटतो, कारण ते खातं अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्याच रसायनाकडे. उगाच दरदरून घाम आला की शुगर तपासावी. दमेकऱ्यांनी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही डॉक्टरांच्या कानावर घालावेत. तोही बीटा ब्लॉकरच, श्वासनळ्या आवळू शकतो.

आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी परस्पर बंद करणारे! अडवणुकीच्या काळात हृदय अ‍ॅड्रेनॅलिनला जास्तच हळवं झालेलं असतं. दार एकदम उघडलं की धडधड, छातीत दुखणं, प्रसंगी हार्ट अटॅकही. बंद करायचीच तर डॉक्टरांना विचारून, एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत. सावकाश विरघळणारी गोळी चावू नये, कुटू नये. गावाला जाताना स्ट्रिप चिवड्याच्या आधी भरावी. चिवडा एसटी स्टँडवरही मिळतो.