कोरल पांढरं पडलं म्हणजे मेलं? फेकायच्या आधी हे वाचा

उन्हाळा लागला की नागपुरात रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, ठेवणाऱ्यांच्या फोनवर एक मेसेज फिरतो, यंदाही फिरून राहिला. त्यात म्हणतात कोरल पांढरं पडलं म्हणजे मेलं, फेका. वाचवायचंच असेल तर लाईट फुल करा, सगळं पाणी एकदम बदला, आणि खराब कोरल ज्यावर चिकटलंय तो दगड उकळून घ्या म्हणजे रोग पसरत नाही. चारही गोष्टी चूक आहेत आणि शेवटची तर जिवावर बेतणारी आहे.

पहिले पांढऱ्या रंगाचं बघू. कोरलच्या मांसात झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, रंग बराचसा त्याचा आणि कोरलचं बहुतेक अन्नही तेच बनवतं. पाणी तापलं की हे शेवाळ निघून जातं, मांस पारदर्शक होतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसतो, म्हणजे कोरल उपाशी आहे पण जिवंत आहे! लाईट बंद करून तासाभराने मोबाईलचा टॉर्च घ्या आणि काचेला नाक लावून बघा. जिवंत असेल तर सांगाड्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ ओलसर पापुद्रा दिसतो, तोंडाभोवती बारीक टेंटॅकल्स (सोंडेसारखे धागे) बाहेर आलेले असतात. मेलेलं असेल तर सांगाड्याच्या धारा उघड्या पडतात आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं. बुडाकडून अर्धं मांस गेलं असलं तरी उरलेलं जगू शकतं. लेदर कोरल तर कित्येक दिवस मिटून बसतं, वरचा मेणचट थर टाकतं आणि परत उघडतं, तेही लोक फेकून देतात, जीव तुटतो हो. घाई फक्त एका ठिकाणी करा, हॅमर कोरलवर तपकिरी चिकट जेली दिसली तर. पंप बंद करून ती नळीने ओढून घ्या, कोरल वेगळ्या पाण्यात आयोडीनचा डिप देऊन (थोडा वेळ बुडवून) बाजूला ठेवा.

लाईट फुल करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की उरलंसुरलं शेवाळही जातं. उलट लाईट निम्म्यावर आणा, मग काही आठवड्यांत हळूहळू वाढवा, आणि आठवड्यातून दोनदा अंड्यातून ताजे फुटलेले ब्राइन श्रिम्प (बारीक कोळंबीसारखे जीव) खायला थोडेसेच द्या.

आता पाणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात लाईट गेली की पंप बंद, आणि टँक ३० अंशांच्या पुढे सरकतो. पाण्यावर फॅन लावला की बाष्पीभवनाने थंडावा येतो, पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट असते आणि फॅनचा उपयोग फार होत नाही, म्हणून कूलर तरी दुसऱ्या खोलीत हलवा नाहीतर एसी किंवा चिलर लावा. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं आणि खारटपणा चढत जातो, त्यामुळे भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही. तापमान २५ ते २७, ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२५, अल्कलिनिटी (पाण्याचा क्षारपणा) ८-९ डीकेएच, हे रोज तेवढंच राहिलं पाहिजे. सगळं पाणी एकदम बदललं तर हे तिन्ही आकडे एका झटक्यात हलतात. १०-१५ टक्के बदला, तेही टँकच्याच तापमानाचं आणि तेवढ्याच खारटपणाचं. बर्फ टाकू नका.

आणि दगड उकळायचं कृपा करून मनातही आणू नका. झोआ आणि पॅलिथोआ या दगडावर पसरणाऱ्या बटणासारख्या कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते उकळल्याने नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं, बाहेरच्या देशांत असे दगड उकळून घरचे लोक दवाखान्यात भरती झालेत. ब्रशने घासतानाही शिंतोडे डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून हातमोजे आणि चष्मा लावा, दगड पाण्यातच ठेवून काम करा. कोणी उकळलाच असेल आणि खोकला, ताप, धाप, छातीत दुखणं सुरू झालं तर आधी सगळे घराबाहेर पडा, लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव स्वतःहून सांगा.