‘कुलूप लावलं होतं का?’ हा प्रश्न आधी बंद करा

आज संध्याकाळी अमळनेरहून येणाऱ्या एसटीतून फाट्यावर उतरलो. माझ्या मागोमाग शाळेच्या पोरी उतरल्या आणि निंबाखाली लावलेल्या आपापल्या सायकली काढून निघाल्या. एक पोरगी तिथेच उभी. दप्तर पाठीवर, डोळे भरलेले. “मनी सायकल गई,” एवढंच म्हणत होती. मोठ्या बहिणीला आठवीत असताना सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेली सायकल, ती आता हिच्याकडे आली होती. फाट्यापासून गाव चांगलं लांब, मधे केळीचे मळे, आणि अंधार पडत आलेला.

टपरीवर बसलेल्या चारचौघांनी तिला काय विचारावं? “कुलूप लायेल व्हतं का वं?”

पहिला प्रश्न हा. पाणी पी बेटा नाही, घरी कशी जाशील नाही. कुलूप लावलं होतं का! लावलं होतं हो. मागच्या चाकाचं गोल कुलूप लावून चावी कंपासपेटीत ठेवली होती, तिने काढून दाखवलीही. पण ते कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलून छोटा हत्तीत टाकायला चाक फिरावं लागतं का?

तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. कारण हाच प्रश्न मी माझ्या बापाला विचारला जाताना ऐकला आहे.

२०२२ ची गोष्ट. आई जळगावला एका खाजगी दवाखान्यात ॲडमिट होती. तात्या रोज गावाहून डबा घेऊन यायचे. कापसाच्या पैशातून २०१९ ला घेतलेली काळी स्प्लेंडर, सीटला आईने शिवलेलं कव्हर. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये दहा रुपयांची पावती फाडली, हँडल लॉक केलं, वर पुढच्या चाकाला साखळी घातली. आईला दोन घास भरवून खाली आले तर गाडी गायब. जमिनीवर साखळी पडलेली, एक कडी कटरने सफाईने कापलेली, कापलेली जागा चांदीसारखी चकाकत होती. तात्यांनी ती साखळी उचलून पिशवीत ठेवली. पुरावा म्हणून. तिच्याकडे नंतर कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

पार्किंगवाला म्हणाला, लॉक केलं होतं का आबा? पोलीस ठाण्यात तेच. आईला बघायला आलेला प्रत्येक पाहुणा आधी तेच विचारायचा, मग आईची तब्येत. तात्या प्रत्येकाला तेवढ्याच सविस्तर सांगायचे, हँडल लॉक होतं, साखळी होती. जणू त्यांनीच काही केलं होतं.

आता लॉकचं बोलतो, कारण हे माहीत असायलाच पाहिजे. हँडल लॉक म्हणजे आतली एक बारीकशी खीळ. ती इमानदार माणसाला थांबवते, बाकी कोणाला नाही. साखळी फक्त गाडीलाच गुंडाळली असेल तर दोघं जण गाडी साखळीसकट उचलून नेतात. सायकलची साखळी पुढच्या चाकातूनच घातली तर चाक तिथे राहतं आणि सायकल जाते. साखळी फ्रेममधून काढून जमिनीत रोवलेल्या एखाद्या पक्क्या वस्तूला बांधली, तरच तिला काही अर्थ आहे. डिस्क लॉक लावा, जीपीएस लावा, चांगलं आहे, पण घरासमोर पोर्चमध्ये गाडी लावणाऱ्याने हे शेतमजुराला सांगू नये.

आणि मला सांगा, जमिनीत रोवलेली पक्की वस्तू आहे कुठे? जळगावचा बाजार घ्या, धुळ्याचा घ्या, भुसावळ स्टेशनच्या बाहेरची गाड्यांची रांग बघा. साखळी कशाला बांधायची? वाऱ्याला? मार्केट बांधताना नकाशात तळघर पार्किंगचं दाखवायचं, नंतर तिथे गोडाऊन काढायचं आणि गिऱ्हाईकाची गाडी रस्त्यावर. मग गाडी गेली की गिऱ्हाईकच बेजबाबदार. सारंगखेड्याच्या यात्रेला, मुक्ताईच्या यात्रेला एवढी गर्दी लोटते, शेतात दोरी बांधली की झालं पार्किंग. पैसे घ्यायला माणूस असतो, लक्ष ठेवायला नसतो.

हो, चावी गाडीलाच ठेवून टपरीवर मावा चोळत बसणारेही आहेत. आहेत, मान्य. पण त्यांच्यामुळे माझा बाप गुन्हेगार ठरत नाही.

तात्यांची पावती अजून माझ्याकडे आहे. खाली छापलंय, ‘वाहन मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावावे’. अरे, मग दहा रुपये कशाचे घेतले? सावलीचे? दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलातून १९९८ मध्ये मारुती झेन चोरीला गेली होती. त्या कुपनावरही मालकाच्या जबाबदारीचंच वाक्य होतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, गाडी ताब्यात घेतलीत ना, मग नुसतं असं छापून हात झटकता येणार नाहीत. तिथे चावी हॉटेलच्या माणसाकडे होती आणि आपल्याकडे ती आपल्या खिशात असते, हा फरक वकील लगेच दाखवतील. दाखवू द्या. पैसे घेणाऱ्याने राखण करायची, हे समजायला वकिली शिकावी लागत नाही.

विम्याचं ऐका. सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारसायकलला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, एकदम घ्यावा लागतो. कागदावर पाच वर्षं दिसतात, माणूस निर्धास्त होतो. पण गाडी चोरीला गेल्यावर पैसे देणारा भाग बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो, पुढे तो दरवर्षी वेगळा भरावा लागतो. शोरूममध्ये हार घालून फोटो काढताना हे तात्यांना कोणी सांगितलं नाही. विमा कंपनीच्या खिडकीवर ते दोन्ही चाव्या आणि पॉलिसी घेऊन उभे राहिले, तेव्हा आतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “यात चोरी बसत नाही, काका.” आज घरी गेल्यावर आपापली पॉलिसी काढून बघा. चोरी ज्यात बसते त्या भागाची, ‘ओन डॅमेज’ची, तारीख वेगळी छापलेली असते.

पोलिसांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. मनुष्यबळ कमी, बंदोबस्त जास्त, हे दिसतं. पेपरात मधूनमधून ‘चोरीच्या मोटारसायकलींसह दोघे जेरबंद’ येतं, आणि अशी बातमी आली की तात्या चष्मा लावून फोटोतल्या गाड्या एकेक करून बघतात. पण सायकलचं काय? सायकलची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाकडे ठाण्यात ज्या नजरेने बघतात ती मला माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात, भारतीय न्याय संहितेत तर पाच हजारांच्या आतला माल असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा आहे. भुकेपोटी काही उचललेल्या पोराला तुरुंगात घालू नये, हे मलाही पटतं. पण त्या पोरीची जुनी सायकल पाच हजारांच्या आतच भरणार ना. किंमत तेवढी, पण तिच्यावर सगळी शाळा उभी आहे. सायकल नसेल तर बाप म्हणेल, अंधारात पायी येऊ नको, घरीच बस. मग कापूस वेचणी, मग पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे किती पोरींचं असं झालंय, मी नावं घ्यायची गरज नाही.

तिला मी माझ्या गाडीवर बसवून घरी सोडलं. तिची आई दारातच उभी होती. पोरीने उतरताच आधी चावी दाखवली, “माय, कुलूप लायेल व्हतं.” कोणी विचारलंही नव्हतं. तिथे मला तात्याच दिसले हो. आता राग उतरलाय, नुसतं वाईट वाटतंय.

असो. उद्या सकाळी त्या मायलेकींना घेऊन मी ठाण्यात जाणार आहे, तक्रार लेखी देऊन पोच घेऊनच उठायचं. ग्रामसेवक आप्पांशी फोनवर बोललो, फाट्यावरच्या शेडमागच्या जागेला त्यांची हरकत नाही, फक्त अर्ज द्या म्हणाले. दीड इंची पाईप उलट्या ‘यू’सारखे वाकवून, पाय दोन फूट खाली काँक्रीटमध्ये गाडायचे, म्हणजे पोरींना फ्रेममधून साखळी घालून बांधता येईल. वेल्डर आपलाच आहे, मजुरी घेणार नाही म्हणतोय. पाईप मी आणतो. सिमेंटच्या दोन गोण्या आणि थोडी वाळू कोणाच्या बांधकामावर उरली असेल तर कळवा, ट्रॅक्टर पाठवतो. आणि ती सायकल निळी आहे, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नाव खरवडल्याची खूण आहे, कॅरिअरला लाल रबर. भंगाराच्या दुकानात, आठवडे बाजारात कुठे दिसली तर लगेच फोन करा.