‘दोन वर्षं सक्तीची सेवा करा’ म्हणणाऱ्यांना

१५ ऑगस्ट जवळ आला की एक मेसेज हटकून फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच राहतो: घटनेने हक्क वाटले, कर्तव्यं विसरली. स्वातंत्र्य मिळालं की माणूस स्वार्थी होतो. पूर्वी गावगाड्यात प्रत्येकाला आपलं कर्तव्य ठाऊक होतं, म्हणून गाव सुखी होतं. आता उपाय एकच, इस्रायलसारखी प्रत्येक तरुणाला दोन वर्षं सक्तीची सेवा. खाली तिरंगा आणि ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’.

मी सहमत नाही.

घटनेचा मुद्दा लवकर आटपतो. मूलभूत कर्तव्यांचं कलम ५१-अ १९७६ पासून घटनेत आहे. ते आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीने आलं, हा तपशील मेसेज लिहिणाऱ्यांना बहुधा आवडणार नाही. आणखी एक गोष्ट तर १९५० पासूनच आहे. वेठबिगारीला मनाई करणाऱ्या कलम २३ चाच दुसरा भाग राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावू देतो. अट एवढीच, की धर्म, वंश, जात, वर्ग पाहून भेदभाव करायचा नाही. म्हणजे घटनाकार काही विसरले नव्हते. सक्ती कोणावर लादली जाते हेही त्यांना ठाऊक होतं.

ते गावगाड्याकडे पाहिलं की कळतं. महार वतन म्हणजे गावाची आणि सरकारची पडेल ती कामं: सांगावा पोचवणं, सारा वसुलीला हिंडणं, साहेबाचं सामान वाहणं, रात्री-बेरात्री बोलावलं की हजर होणं. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. ते पुढे मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. ‘प्रत्येकाला आपलं कर्तव्य ठाऊक होतं’ हे वाक्य वतनदार महाराच्या तोंडी घालून पाहा. कर्तव्य ठाऊक नसण्याची मुभाच त्याला नव्हती. आणि हे कर्तव्य जन्मावरून ठरत होतं, त्यात सद्गुणाचा संबंध कुठे येतो?

आता मुख्य मुद्दा, मोकळं सोडलं की माणूस स्वार्थी होतो हा. १८९७ चं पुणं घ्या. प्लेगचं थैमान चालू होतं. साथरोग कायदा फेब्रुवारीत झाला, आणि मार्चपासून रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. साथ रोखायला रोग्यांना वेगळं ठेवणं गरजेचंच होतं, त्यावर वाद नाही. पण बंदुकीच्या धाकाने ते करायला गेल्यावर लोक रोगी लपवू लागले, आणि जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत शहराबाहेर आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांना कोणी हुकूम केला नव्हता.

‘सावित्रीबाई एखादीच’ असं यावर कोणी म्हणेल. खरं आहे. एकेका थोर माणसाच्या भरवशावर देश चालत नाही, आणि सेवेला शिस्त लागते हे मेसेजचं म्हणणं मला मान्य आहे. पण ती शिस्त कुठून आणायची? गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. सदस्याने व्रत घ्यायचं, पाच वर्षं शिकायचं, संस्था देईल त्यात भागवायचं. नियम कडक होते, पण दारात उभं राहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मुंबई महापालिकेतली इंजिनियरची नोकरी सोडून ठक्करबाप्पा १९१४ मध्ये तिथे आले आणि पुढे पंचमहालच्या भिल्लांमध्ये राहून काम केलं. असा माणूस भरतीच्या यादीतून सापडत नाही.

शेवटी सक्तीचा उपाय. तो आपण करून पाहिलेला आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजातल्या धडधाकट मुलांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक केली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली, आणि तीही ऐच्छिक. (दहा गुणांसाठी येणारे असतात, माहीत आहे. त्यातलेही काही कॅम्पनंतर टिकतात.)

इस्रायलचं उदाहरण देणाऱ्यांनी तिथलं भांडणही सांगावं. १९४८ मध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट मिळाली. ती फुगत फुगत दर वर्षी हजारो तरुणांपर्यंत गेली. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या तरुणांनाही भरती करा असं सांगितलं, आणि त्यावरून सरकार डळमळायची वेळ आली. शत्रू दारात असलेल्या, आपल्या मानाने चिमुकल्या देशात ‘प्रत्येकाला’ हा शब्द टिकला नाही. आपल्याकडे सूट कोणाला मिळेल, वैद्यकीय दाखला कोणाचा काका मिळवून देईल, आणि खडी फोडायला कोणाची मुलं जातील, याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.