कृपया जनावरांना काही चारू नये

आमच्या गोशाळेच्या फाटकावर ठळक अक्षरांत पाटी आहे : 'जनावरांना बाहेरचं काहीही चारू नये.' लोक ती मोठ्यानं वाचतात, पोरांकडूनही वाचून घेतात आणि मग पिशवीतून पुरणपोळ्या काढतात.

उदगीरकडच्या माळावर आमचा गोठा. दावणीला देवणी जास्त, थोड्या लाल कंधारी, दोन्ही इकडच्याच गायीबैलांच्या जाती. बहुतेक भाकड गायी, थकलेले बैल, एखादा लंगडा गोऱ्हा. उपाशी जनावर सांभाळणं त्या मानानं सोपं, वैरण टाकली की झालं. खरी राखण करावी लागते ती भाविकांपासून.

गायीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातल्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा पचवत बसलेले असतात. त्यांच्यावर अचानक पोळ्यांची चवड आणि गुळाची ढेप येऊन पडली की आत आम्ल तयार होतं, डावी कूस ढोलासारखी फुगते, रवंथ बंद, आणि आमची रात्र डॉक्टरांची वाट बघण्यात जाते. पितृपक्षात हा सोहळा रोजचा. लग्नसराईत उरलेला भात टेम्पोनं येतो. नको म्हटलं तर टेम्पोवाला दुखावतो. "पुण्याचं काम हाय मामा, नाही म्हनू नका." पुण्य त्याला, जुलाब गायीला आणि फावडं मला.

चारून झालं की चौकशी. "गीर हाय का ही?" देवणीचं कपाळ फुगीर, कान लोंबते, म्हणून गैरसमज होतो. तिच्यात गीरचा अंश असल्याचं जाणकार मानतातही. पण मला राहवत नाही. मी देवणीचे प्रकार सांगायला लागतो : पांढरं अंग आणि तोंडाच्या बाजू काळ्या, तो वानेरा, अंगभर काळे ठिपके, तो शेवरा, पोटाखाली तेवढे ठिपके, तो बाळंक्या. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरत जातो.

"मग दूध किती देती?"

"भाकड हाय."

"मग ठिवली कामून?"

हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी दोनच मिनिटांपूर्वी तिच्या पायांवर डोकं टेकवलेलं असतं.

बाकीची आवक रात्रीची. सकाळी फाटक उघडावं तर बाहेर बैल बांधलेला. कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला कापून घेतलेला, म्हणजे मालक सापडू नये. चांगला कासराही सोडून नेलेला, बैल सुतळीला. गंमत म्हणजे बैल जात नाही. त्याला वाटतं, मालक कडबा आणायला गेलाय. मला या मालकांचा राग येतो, पण पुरता येत नाही. औताला ट्रॅक्टर आला. 2015 च्या कायद्यानं गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळं हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाकडं कोण बघणार? आणि 2016 साली लातूरची माणसंच मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पीत होती, तेव्हा रोज चाळीस-पन्नास लिटर पिणाऱ्याला दावणीला ठेवायचं कुणी?

30 सप्टेंबर 2024 ला देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं, गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोजचे पन्नास रुपयेही ठरले. त्या दिवशी आमच्याकडं पेढे आले. (तेही गायींनाच चारायचे होते, आम्ही खाऊन टाकले.) बैलांना राज्यपिता करण्याचा प्रस्ताव अजून कुणी मांडलेला नाही, त्यामुळं दावणीच्या त्या टोकाला जरा नाराजी आहे.

परवा गावच्या एका उगवत्या नेतृत्वाचा वाढदिवस झाला. चार गाड्या, हार, फेटे आणि केक. केक गायीला भरवायचा होता. मी आडवा झालो. म्हटलं, अण्णा, केकच्या पैशात कडबा आणा, पेंढीला फीत बांधा, नाव घाला, काय पायजे ते करा. कार्यकर्त्यांची बाजूला बैठक झाली. कडबा फोटोत कसा दिसंल, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी बांधावरून एक पेंढी आली. केक कार्यकर्त्यांनी खाल्ला आणि त्या एका पेंढीला सगळ्यांनी मिळून हात लावला. ज्याचा हात पोचेना त्यानं पुढच्याच्या खांद्याला लावला.

फोटोवाला कोन शोधत होता तोवर आमच्या वानेरा म्हातारीनं मान लांब केली आणि पेंढी हिसकून खायला सुरुवात केली. फोटो हुकला.

अण्णांनी फेटा नीट केला आणि मला म्हणाले, "मामा, तेवढी पेंढी तिच्या तोंडातून जरा माघारी घेता का?"